कोल्हापूरच्या पाणंदी, डोंगर आणि पठारांवरच्या ग्रुप सायकल राइड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राइडची वेळ कळवली की पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात, तेही रात्री अकराला. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. आधी नवख्यांचे प्रश्न आहेत, मग अडचणीचे, शेवटी अपवादाचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ही रेस असते का? हळू चालवणाऱ्यानं यावं का?

रेस नसते. माउंटन बाइक घेऊन डांबरी सोडून जायचं, मातीच्या नाहीतर मुरमाच्या वाटेनं फिरायचं आणि सगळ्यांनी एकत्र परतायचं. ग्रुपमध्ये तालमीत घाम गाळलेली पोरं आहेत, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सायकल घेतलेले काका आहेत आणि गेल्याच महिन्यात गिअर बदलायला शिकलेल्या ताईही आहेत. कुणी किती वेळात चढ मारला याची नोंद आम्ही ठेवत नाही. ज्याला ठेवायची त्यानं आपल्या फोनमध्ये ठेवावी, थांब्यावर वाचून दाखवू नये.

२. कुठल्या राइडला येऊ हे कसं ठरवायचं?

राइड तीन प्रकारच्या असतात.

पाणंद राइड म्हणजे उसाच्या फडांमधून, जवळपास सपाट, वीस-पंचवीस किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे करून परत, किंवा कळंब्यावरून नंदवाळच्या बाजूला. रंकाळ्याला न थांबता दोन-तीन फेऱ्या मारता येत असतील तर ही राइड जमते.

डोंगर राइडला चढ असतो. कात्यायनीचा परिसर, नाहीतर कुशिरे, पोहाळे, गिरोलीच्या अंगानं जोतिबाच्या डोंगराकडे. दोन-तीन पाणंद राइड आरामात झाल्यावरच इकडे या.

पठार राइड म्हणजे पन्हाळा आणि पुढे मसाई पठार. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, तर पन्हाळा साडेनऊशेच्या पुढे. हा चारशे मीटरचा फरक बहुतेक सगळा शेवटच्या काही किलोमीटरमध्ये भरून काढायचा असतो. म्हणून या राइडला बऱ्याचदा सायकली पिकअपमधून गडापर्यंत नेतो आणि ताकद पठारासाठी राखून ठेवतो. पायथ्यापासून चढवत यायची हौस असेल त्यानं पहाटे आधी निघावं.

दोन प्रकारांच्या मध्ये अडकला असाल तर खालचा निवडा. सोपी राइड करून वैतागलेला माणूस पुढच्या वेळी येतो, अवघड राइडनं मोडलेला येत नाही.

३. मी सगळ्यात मागे राहणार हे नक्की. लोक वैतागणार नाहीत का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो नेहमी खाजगीत येतो.

बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं ते आधी सांगतो. पुढचे लोक टेकडीवर पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, दहा मिनिटं झाडाखाली बसतात. मागचा धापा टाकत येतो. त्यानं एक पाय जमिनीवर टेकवला न टेकवला तोच कुणीतरी म्हणतं, “आले सगळे, चला.” म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच तो मिळत नाही. तिसऱ्या थांब्यापर्यंत तो माणूस संपतो. दोष त्याच्या पायांचा नसतो, थांबण्याच्या पद्धतीचा असतो.

म्हणून आमच्याकडे थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. त्यानं पाणी प्यायल्यावर, बसल्यावर, पूर्ण पाच मिनिटं. मग तोच म्हणतो, “निघूया.” पुढच्यांची पंधरा मिनिटं जातात, जाऊ देत. लांब चढाच्या पायथ्याशी आणखी एक करतो: हळू चालवणाऱ्यांना आधी सोडतो आणि दणकट लोकांना मागाहून. सगळे माथ्यावर साधारण एकाच वेळी पोचतात आणि मागे एकटं राहिल्याची भावना कुणालाच येत नाही.

आणि “झालं, आता चढ नाही” हे खोटं बोलायला इथं बंदी आहे. चढ उरला असेल तर किती उरला ते सरळ सांगायचं.

४. माझा वेग चांगला आहे. सारखं थांबून मला कंटाळा येणार नाही का?

येऊ शकतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे फाटा धरायचं काम घ्या (प्र. ५). त्यात आपोआप मागे पडून पुन्हा पुढे येणं होतं, आणि तेवढ्यात चांगला घाम निघतो. दुसरा म्हणजे जिथं वाट वळसा घेऊन परत येते तिथं आम्ही जादा फेरी ठेवतो. बाकीचे थांब्यावर बसलेले असताना वेगवान लोकांनी एक टेकडी चढून उतरून यायचं. वेळ मात्र ठरलेली. त्या वेळेत परत आला नाहीत तर तुमचा चहा दुसरा कुणीतरी पितो.

एवढं करूनही मन भरत नसेल तर ही राइड तुमच्यासाठी नाही, असं मी स्पष्ट सांगतो. शहरात वेगानं चालवणाऱ्यांचे ग्रुप आहेत, ते चांगले आहेत, तिकडे जा आणि महिन्यातून एकदा आमच्यात या.

५. ‘म्होरक्या’, ‘शेपूट’ आणि ‘फाटा धरणं’ म्हणजे काय?

म्होरक्या सगळ्यात पुढे असतो आणि त्याला वाट माहीत असते. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. शेपूट सगळ्यात मागे असतो आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. दोघांच्या हेल्मेटला फडका बांधलेला असतो.

आता मधल्यांनी वाट कशी ओळखायची? वळण किंवा फाटा आला की म्होरक्याच्या लगेच मागचा माणूस तिथं थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. शेपूट दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, मग त्याच्या पुढे निघायचं. पुढच्या फाट्यावर त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर असेल तो थांबतो. अशानं फाटा धरायची पाळी फिरत राहते, कुणी हरवत नाही आणि प्रत्येकाला आपल्या वेगानं चालवता येतं. उसाच्या पट्ट्यात हे फारच लागतं, कारण दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस असला की शंभर फुटांवरचा माणूसही दिसत नाही.

एकच ताकीद: फाटा धरलेल्या माणसानं “खूप वेळ झाला, कुणी येत नाही, निघतो” असं कधीही करायचं नाही. किती थांबायचं ते प्र. २३ मध्ये.

६. माझ्याकडे साधी, बिनगिअरची सायकल आहे. चालेल?

पाणंद राइडला चालेल, कोरड्या दिवसांत. डोंगराला गिअर हवेतच. पातळ टायरची रोड बाइक कुठल्याच राइडला आणू नका, मुरमात पुढचं चाक रुतलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. महागड्या सायकलीची गरज नाही. पुढे सस्पेन्शन, दोन इंचांच्या आसपास रुंद आणि खाचांचे टायर, नीट लागणारे ब्रेक, बस. मागे सस्पेन्शन असलेल्या स्वस्त सायकलींचं आकर्षण असतं, पण त्या जड असतात आणि चढावर प्रत्येक पेडलला उशीसारख्या दबतात. त्याच पैशात साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, घ्या.

७. टायरमध्ये हवा किती भरायची?

दुकानात सांगितलं नाही तर दगडासारखं टणक करून देतात. मातीवर तसं टायर उड्या मारतं आणि पकड सुटते. ट्यूब असलेल्या टायरला, साधारण साठ ते पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी तीस ते पस्तीस पीएसआय ठीक. वजन जास्त असेल तर थोडी जास्त, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीननं कमी. याहून खूप खाली गेलात तर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. बाभळीच्या काट्यांचा त्रास असेल तर ट्यूबलेस करून आत सीलंट घालणं हा आपल्या भागातला सगळ्यात शहाणा खर्च आहे.

८. सोबत काय आणायचं?

हेल्मेट. ते नसेल तर राइड नाही, यावर चर्चा नाही. पाणी किमान दीड लिटर, मार्चनंतर दोन. स्वतःच्या सायकलीच्या मापाची एक ट्यूब. (सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची चाकांच्या ट्यूब वेगळ्या, दुसऱ्याची लागेलच असं नाही.) हातपंप आणि चेनच्या जोडकड्या शेपटीकडे असतात. ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, आणि घरच्या माणसाचा नंबर कागदावर, कारण फोन लॉक असतो. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उसाचं पान ब्लेडसारखं कापतं.

९. फी किती?

काही नाही. पिकअप केला तर त्याचं भाडं सगळ्यांत वाटून. चहा ज्याचा त्यानं.

१०. काय खाऊन यावं? मिसळ कधी?

मिसळ नंतर. राइडच्या आधी कट पिऊन आलेल्या माणसाचं पहिल्या चढावर काय होतं ते सगळ्यांना ऐकू येतं. निघण्याआधी तासभर केळं, पोळी-गूळ किंवा दूध-पोहे असं हलकं खा. खिशात चिक्की, शेंगदाणे, खजूर ठेवा आणि भूक लागायच्या आधीच खा. जानेवारीत वाटेवर गुऱ्हाळ लागलं तर काकवी मिळते, पण गरम काकवी पोटभर पिऊन लगेच चढाला लागू नका. पन्हाळ्याला गेलो की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही ठरलेलं. शहरात लवकर परतलो तर काहीजण गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास मारून घरी जातात.

११. मुलांना आणू का?

बारा वर्षांपुढच्यांना पाणंद राइडला आणा, आई-बाबांपैकी एकजण सोबत सायकलवर हवा. “काकांबरोबर पाठवते” चालणार नाही. डोंगराला सोळा वर्षांपुढचे. उंचीपेक्षा मोठी सायकल देऊन “दोन वर्षांत बसेल” म्हणू नका, उतारावर पाय टेकले नाहीत की पोर पडतं.

१२. बायका किती असतात? वाटेत स्वच्छतागृहाची सोय असते का?

असतात, संख्या राइडगणिक बदलते. एकट्या येणार असाल तर आधी कळवा, म्हणजे तुम्ही आणि आणखी एखादी ताई शेजारी चालवाल असं बघतो. पेट्रोल पंप, मोठी देवळं किंवा हॉटेल यांपैकी काहीतरी दीड तासाच्या आत येईल अशीच वाट आखतो, आणि कुठलं ठिकाण कधी येणार ते निघायच्या आधी सगळ्यांना सांगतो. मसाई पठारावर मात्र अशी सोय नाही, ती पन्हाळ्यातच उरकून घ्यायची.

१३. चढावर दम निघतो. काय करू?

गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. चढावर, पेडलवर जोर असताना बदलायला गेलात की चेन कर्रकन वाजते, कधी तुटते. बसून चालवा, शरीर थोडं पुढे झुकवा, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता आठ-दहा फूट पुढे ठेवा. बोलता येत नसेल इतका दम लागला तर वेग जास्त आहे. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. गिरोलीकडच्या चढावर ढकलणारा कधी कधी चालवणाऱ्याच्या बरोबरीनं जातो, हेही खरं.

१४. उताराची भीती वाटते. तिथं मागचे लोक घाई करतात.

घाई करणाऱ्याला शेपूट झापतो, ते त्याच्यावर सोडा. तुमच्यासाठी एवढं: सीट दोन-तीन इंच खाली करा. उतारावर बसू नका, दोन्ही पेडल एका रेषेत आडवी ठेवून उभे राहा, गुडघे-कोपर सैल, पार्श्वभाग मागे. दोन्ही ब्रेक एकेका बोटानं, हळूहळू दाबायचे. पुढचाच ब्रेक करकचून दाबला तर सुट्या मुरमावर चाक सरकतं. नुसता मागचा दाबून घसरत गेलात तर सायकल थांबत नाही आणि वाटही खराब होते. लांब उतारावर ब्रेकचा वास येऊ लागला तर थांबून गार होऊ द्या, डिस्कला बोट लावू नका.

आम्ही उतार एकेकट्यानं सोडतो, पुढचा नजरेआड गेल्यावर दुसरा. उतारावर फोन हातात घेऊन रील काढणाऱ्याला पुढच्या राइडचं निमंत्रण जात नाही.

१५. शेतातून जाताना शेतकरी अडवत नाहीत का?

क्वचित, आणि अडवलं तर बहुधा त्यांचं बरोबर असतं. पाणंद ही गावाची वहिवाटीची वाट आहे, बांध हा कुणाच्या तरी मालकीचा आहे. आम्ही पाणंदीनं जातो, बांधावरून नाही. कुठं पाणंद संपून शेतातूनच जावं लागेल तिथं उतरायचं, “मामा, इथनं वाट हाय काय?” असं विचारायचं, नाही म्हणाले तर वाद न घालता वळायचं. उसाचं एक कांडंही न विचारता मोडायचं नाही. पाण्याच्या पाइपवरून सायकल उचलून न्यायची, ठिबकच्या नळ्या चाकाखाली गेल्या की नुकसान होतं. कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही, डुकरांसाठी आणि गव्यांसाठी झटका मशीन जोडलेलं असतं. म्हशी समोरून आल्या तर बेल न वाजवता थांबून आवाज द्यायचा. म्हैस बेलला दचकते, माणसाच्या आवाजाला नाही.

१६. उसाच्या गळीत हंगामात काही वेगळं बघावं लागतं का?

बरंच. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. दुसरी ट्रॉली वळणावर आत कापते, म्हणून तिच्या बाजूनं पुढे जायचा मोह टाळा, थांबा, जाऊ द्या. रस्त्यावर पडलेलं पाचट आणि चेंगरलेला ऊस दव पडल्यावर साबणासारखा होतो. पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी मागे लाल दिवा लावायलाच हवा. पन्हाळ्याला जाताना वाघबीळपर्यंतचा रस्ता म्हणजे रत्नागिरी-नागपूर महामार्गच, तिथं तर वर्षभर अवजड गाड्या. म्हणून शक्य तेवढं गावातल्या वाटांनी जातो.

१७. पावसाळ्यात राइड बंद असते का?

पूर्ण बंद नाही, पण जून ते सप्टेंबर मनासारखं काही होत नाही हे धरून चला.

काळ्या मातीच्या पाणंदी पहिल्या मोठ्या पावसानंतर बंद. ती माती टायरवर थरावर थर चढते, फ्रेममध्ये अडकून चाक फिरायचं थांबतं. तशात जोर लावून पेडल मारलं की मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकात जातो आणि तो जिथं फ्रेमला अडकवलेला असतो तो हँगर वाकतो. माती अडकली की उतरा, काडीनं काढा, कडेच्या गवतावरून ढकला. मुरमाच्या आणि जांभ्याच्या वाटांवर पाणी निचरतं, तिथं पावसातही चालवता येतं, पण जांभ्यावर शेवाळ धरलं की ब्रेक लावायचाच नाही, आधीच वेग कमी करायचा.

पंचगंगेची पातळी हा आमचा हवामान अंदाज. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. इशारा पातळीच्या जवळ गेली की नदीपलीकडच्या सगळ्या राइड रद्द, कारण जाताना कोरडा असलेला रस्ता येताना पाण्याखाली असू शकतो. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. म्हणून अतिवृष्टीत घाटरस्त्यावर कुणी कितीही आग्रह केला तरी जात नाही.

१८. बंधाऱ्यावरून सायकल चालवत नेता येते का?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून गावकरी मोटारसायकल सहज नेतात, ते बघून आपल्यालाही वाटतं. आमचा नियम: उतरून, एका रांगेत, ढकलत. माथा अरुंद असतो आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात, तेव्हा खालून पाण्याला जोर असतो. बंधाऱ्यावरून बोटभर जरी पाणी वाहत असेल तरी पार करायचा नाही, वळसा दहा किलोमीटरचा असला तरी. हा निर्णय शेपूट आणि म्होरक्या मिळून घेतात, मत मागत नाहीत.

१९. कुत्री मागे लागली तर? साप, मधमाश्या?

शेतवस्तीवरची कुत्री पळणाऱ्या पायामागे लागतात. थांबा, उतरा, सायकल मध्ये आडवी धरा, दमदार आवाजात हाकला. बहुतेक वेळा तिथंच संपतं. चावलंच तर वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. “पाळीव आहे, काही होत नाही” हे ऐकायचं नाही.

साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव न हलवता माणसाला झोपवून थेट कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

कड्यांना आग्या मोहोळ असतं. तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन नको. उठलंच तर सायकल टाकून तोंड झाकून पळायचं.

२०. गवा दिसला तर? दाजीपूरला राइड का नेत नाही?

गवा आता फक्त जंगलात दिसतो असं नाही, शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेला आहे. दिसला की सगळ्यांनी थांबायचं, बेल-शिट्टी नाही, फोटोसाठी जवळ जाणं नाही. कळपापेक्षा एकटा नर जास्त बेभरवशाचा. त्याची निघून जायची वाट मोकळी ठेवायची, वासरू आणि आई यांच्या मध्ये यायचं नाही, आणि तो हलत नसेल तर आपण मागे फिरायचं.

दाजीपूर हा राधानगरी अभयारण्याचा भाग, गव्यांसाठीच राखलेला. आत प्रवेश वनखात्याच्या नियमांनी आणि परवानगीनं होतो. आपली सायकल घेऊन वाटेल तिथं घुसायची ती जागा नाही. आम्ही त्या बाजूला राधानगरी धरणाच्या परिसरातल्या रस्त्यांपर्यंत जातो, तिथून माघारी.

२१. पन्हाळगडावर आणि मसाई पठारावर सायकल कुठंही नेता येते का?

नाही. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना ही संरक्षित स्मारकं आहेत, आणि जुलै २०२५ पासून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठा लष्करी भूप्रदेशाचा एक भाग आहे. तटावर, बुरुजावर, पायऱ्यांवर सायकल चढवायची नाही. गडावरच्या डांबरी रस्त्यानं फिरा, स्मारकाजवळ उतरून चाला.

मसाई पठारावर जी गाडीवाट पडलेली आहे तीच धरायची. ऑगस्टनंतर फुलं येतात तेव्हा तर चाक वाटेबाहेर जाताच कामा नये. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो आणि ओल्या थरावर पडलेली चाकोरी तशीच राहते. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि कडा जवळ असतो. अशा वेळी अंतर ठेवून चालवायची पद्धत बंद. सगळे उतरून एका रांगेत ढकलतात, दर पाच मिनिटांनी मोजणी होते. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांची गर्दी असते, त्या दिवसांत ही राइड ठेवतच नाही.

२२. सणावाराला कुठल्या वाटा टाळता?

रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळे त्या डोंगराची राइड शनिवारी. माघातल्या खेट्यांच्या रविवारी कोल्हापुरातून माणसं पायी निघतात, कुशिरे-गायमुखाच्या बाजूच्या वाटा त्यांच्या. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या आणि लाखोंची यात्रा, मग तर तिकडे बघायचंही नाही. आषाढी एकादशीला नंदवाळचा रस्ता दिंड्यांचा. त्या दिवशी काहीजण सायकल घरी ठेवून दिंडीत चालतात.

२३. मध्येच घरी जायचं असेल, किंवा ग्रुप तुटला तर?

जायचं असेल तर जा, पण शेपटीला सांगून. न सांगता गेलेल्या एका माणसासाठी बाकी सगळे तासभर ऊन खातात. नवख्याला एकट्याला सोडत नाही, डांबरी रस्त्यापर्यंत कुणीतरी सोबत जातं.

फाट्यावर उभे असाल आणि वीस मिनिटं कुणीच आलं नाही तर आधी फोन. रेंज नसेल तर जागा सोडू नका. म्होरक्या पुढच्या थांब्यावर माणसं मोजतो, कमी भरली तर तो स्वतः आल्या वाटेनं मागे येतो. तुम्ही शोधायला निघालात आणि तो दुसऱ्या वाटेनं आला, तर हरवलेली माणसं दोन होतात.

२४. मधुमेह आहे, बीपी आहे, गुडघा दुखतो. यावं का?

आधी डॉक्टरांना विचारा आणि मग आम्हाला सांगा. सगळ्यांना नको, म्होरक्या आणि शेपूट एवढ्या दोघांना पुरे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सोबत साखर ठेवायचीच. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी फरक बघायचा. चढावर छातीत दाब आला तर “जरा गॅस झाला” म्हणून पुढे जायचं नाही, १०८ ला फोन. गुडघ्याच्या तक्रारी पुष्कळदा सीट फार खाली असल्यानं असतात. सपाटीवर पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ व्हायला हवा. उतारापुरती सीट खाली करतो ती वेगळी गोष्ट (प्र. १४).

२५. ई-सायकल चालेल?

चालेल, आणि मिश्र ग्रुपमध्ये ती फार कामाची. वेगवान नवरा आणि सावकाश बायको, किंवा उलट, एकत्र येऊ शकतात. अट एवढीच की म्होरक्याच्या पुढे जायचं नाही आणि बॅटरी संपली तर स्वतः ढकलायची. ती वीस किलोच्या वर असते, पाइपवरून आणि ओढ्यातून उचलताना दोन माणसं लागतात.

२६. कुणी पडलं तर?

आधी मागून येणाऱ्यांना थांबवा. माणसाला लगेच उठवू नका, मान किंवा पाठ दुखते का विचारा. डोक्याला मार असेल तर राइड त्याच्यापुरती संपली, तो कितीही “काही नाही झालं” म्हणाला तरी. हेल्मेट तडकलं असेल तर ते पुन्हा वापरायचं नाही. गंभीर असेल तर ११२ किंवा १०८, आणि जवळच्या वस्तीचं नाव, ओढा, देऊळ, शाळा अशी खूण सांगायची. “उसाच्या शेताजवळ” सांगितलं तर कोल्हापुरात कुणी पोचणार नाही.

२७. आणि शेपटीलाच काही झालं तर?

म्हणून शेपटीसोबत नेहमी दुसरा एक अनुभवी माणूस असतो. त्याच्याकडे जादा ट्यूब आणि म्होरक्याचा नंबर. शेपटीची सायकल बंद पडली तर हा दुसरा शेपूट होतो, फडका त्याच्या हेल्मेटला जातो आणि फाटा धरलेले लोक त्याच्याकडे बघून जागा सोडतात. मूळ शेपूट एकटा मागे राहत नाही, शेवटच्या फाट्यावरचा माणूस त्याच्याजवळ थांबतो. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली नाही तर दोघं जवळच्या डांबरी रस्त्याला लागतात आणि रिकामा टेम्पो थांबवतात. टेम्पोचं भाडं ग्रुप देतो.